मदत हवी आहे: एकच पान, एकच स्क्रिप्ट, एलसीपीचे दोन ढीग

मंडळी, आठवडाभर डोकं खाजवून शेवटी हात टेकले.

प्लेराइटने (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडणारं, क्रोम चालवून मुख्य पानाचा एलसीपी मोजतोय, म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा मजकूर किंवा चित्र दिसायला किती वेळ लागतो ते. सर्व्हरवर २० रन घेतले. आकडे वरखाली झाले असते तर समजलं असतं, पण इथे सरळ दोन ढीग पडतात: एक १.२ सेकंदांच्या आसपास, दुसरा ३.१ च्या. मधे शुकशुकाट. सरासरी २.१ येते, चांगल्या एलसीपीच्या २.५ सेकंदांच्या मर्यादेत बसते, साहेब खूश. पण २.१ चा रन एकही नाही!

दर रनला नवा कॉन्टेक्स्ट (ब्राउझरचं कोरं सत्र), कॅश रिकामी, सीपीयू चौपट मंद, व्हिडिओ रेकॉर्डिंग बंद. डॉमकंटेंटलोडेड झालं, म्हणजे पानाचं एचटीएमएल वाचून झालं, की कुकीची पट्टी क्लिक करून घालवतो, पाच सेकंद थांबतो आणि परफॉर्मन्स ऑब्झर्व्हरकडून (ब्राउझरची मोजमापं देणारी सोय) एलसीपीची शेवटची नोंद उचलतो. काय चुकतंय?

प्रतिसाद १
सर्व्हरला जीपीयू (ग्राफिक्सची चिप) नसेल. मग क्रोम सगळं सीपीयूवरच रंगवतं. तिथल्या आकड्यांवर फार विसंबू नका.

धागाकर्ता
जीपीयू नाही हे खरं. पण मग सगळेच रन रखडायला हवेत ना? निम्मेच का?

प्रतिसाद २
आकडा राहू द्या बाजूला. नोंदीत एलिमेंट पण असतो, तो छापून बघा.

धागाकर्ता
छापला. १.२ वाल्यांत मथळा, ३.१ वाल्यांत वरचा मोठा फोटो! पान तर तेच आहे.

प्रतिसाद २
मग तुमची कुकीची पट्टीच नडतेय. वापरकर्त्याने क्लिक केलं, कळ दाबली किंवा स्क्रोल केलं की ब्राउझर एलसीपीच्या नव्या नोंदी घेत नाही. प्लेराइटचा क्लिक डेव्हटूल्स प्रोटोकॉलमधून (क्रोमला बाहेरून हुकूम देण्याची वाट) जातो, त्यामुळे क्रोमला तो माणसाचाच वाटतो. फोटो उमटायच्या आधी क्लिक पडला तर मथळ्यावरच मोजणी संपते, नंतर पडला तर फोटो धरला जातो. शर्यत आहे नुसती. संमतीची कुकी कॉन्टेक्स्टमध्ये आधीच टाका, म्हणजे पट्टी येणारच नाही. आणि सरासरी सोडा, मध्यक घ्या. अर्थात दोन ढीग असतील तर मध्यकही फसवतो, म्हणून आधी ढीग मोडा.

धागाकर्ता
कुकी टाकली. वीसच्या वीस रन ३ च्या वर, सगळ्यांत फोटोच. म्हणजे १.२ हा आकडा कधी खरा नव्हताच. आता साहेबांना कुठल्या तोंडाने सांगू?

प्रतिसाद १
सांगायच्या आधी त्या फोटोला लेझी लोडिंग (चित्र उशिरा, गरज पडल्यावरच मागवणं) लावलंय का तेवढं बघा.

धागाकर्ता
लावलंय. मीच लावलं होतं, पान वेगवान व्हावं म्हणून.