ॲलर्जीची सर्दी आणि अँटिऑक्सिडंट गोळ्या : तुमचा अनुभव लिहा

गेली नऊ वर्षं सकाळी उठल्या उठल्या सलग वीस-पंचवीस शिंका, नाकाला धार, टाळूला खाज. लिव्होसेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी घेतली की ऑफिसात पेंग येते. म्हणून व्हिटॅमिन सी आणि क्वेर्सेटिन ही अँटिऑक्सिडंट तीन महिने नेमाने घेतली. क्वेर्सेटिन कांद्यातही असतं. प्रयोगशाळेत ते हिस्टामिन (शिंका-खाज आणणारं रसायन) सोडणाऱ्या पेशींना आवर घालतं, पण माणसांवरचा पुरावा तोकडाच आहे. माझ्या शिंका काही कमी झाल्या नाहीत. तुम्ही काय घेतलंत, किती दिवस, सोबत दुसरं औषध चालू होतं का, तेही लिहा.

पुण्याहून : मला गुण आला असं वर्षभर वाटत होतं. ऑक्टोबरात गोळ्या सुरू केल्या, डिसेंबरात नाक मोकळं. पुढच्या पावसाळ्यात गोळ्या चालू असतानाच पुन्हा तेच! सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत कमरेएवढं वाढून पांढऱ्या फुलांनी भरलं होतं. आदल्या वर्षी ते वाळलं, म्हणून मला बरं वाटलं होतं. आता जूनमध्येच, फुलं धरायच्या आत, आम्ही ते उपटून घेतो.

नाशिकहून : व्हिटॅमिन सीच्या 500 मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या दिवसाला चार. आठवड्यात जुलाब. डॉक्टरांनी आधी विचारलं, मुतखडा झालाय का कधी? झाला होता. जास्तीच्या सीचं शरीरात ऑक्सलेट होतं आणि त्याचे खडे बनू शकतात, हे तेव्हा कळलं. त्याच दिवशी बंद केल्या.

ठाण्याहून : मला स्पिरुलिनाने (शेवाळासारख्या सूक्ष्मजीवाची पावडर) बरं वाटलं. तुर्कस्तानातल्या 2008च्या एका चाचणीतही शिंका आणि नाक वाहणं कमी झालं होतं. पण त्याच महिन्यात मी उशा बदलल्या, चादरी कडकडीत पाण्यात धुवायला लागले. श्रेय कशाला देऊ?

सांगलीहून : ताई, स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे वापरून पाहिलात का? मी दोन वर्षं चुकीचा मारत होतो, नाकातून रक्त यायचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडच्या सिस्टरांनी हात धरून शिकवलं : मान किंचित खाली, डावी नाकपुडी असेल तर उजवा हात, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. जोरात ओढायचा नाही, सगळा घशात उतरतो. रोज मारला तेव्हा दहाव्या-बाराव्या दिवशी स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास आला. कितीतरी महिन्यांनी!

धागाकर्ती : दादा, मी उलट्या हाताने कधीच मारला नाही, सरळ वर धरायचे. आज रात्रीपासून तसा मारते. पुढच्या आठवड्यात त्वचेवरची ॲलर्जी टेस्ट आहे, त्यासाठी लिव्होसेट्रिझिन बंद ठेवायला सांगितलीय. स्प्रे चालतो म्हणाले. ज्यांची टेस्ट झालीय, त्यांना कशाची निघाली?