१९ वर्षांचा भाचा म्हणतो 'एका बीअरने काय होतंय', गाडी माझ्या नावावर – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भाचा आमच्याकडे जुळे सोलापुरात राहून इंजिनिअरिंग करतोय. ताई-दाजी बार्शीला असतात. पोरगं गुणी आहे, अभ्यासही नीट चाललाय. पण हल्ली मित्रांबरोबर विजापूर रोडला ढाब्यावर जातो आणि बीअर पिऊन माझीच मोटरसायकल चालवत घरी येतो. परवा रात्री आला तेव्हा हेल्मेट कोपरात अडकवलेलं आणि तोंडात बडीशेप. विचारलं तर म्हणतो, "मामा, कायद्यातच ३० पर्यंत चालतं. मी एकच घेतली."

ती 'एकच' म्हणजे साडेसहाशे मिलीची स्ट्राँग बाटली. त्यात ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. साठेक किलो वजनाच्या पोराने ती तासाभरात संपवली तर १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा कधीच मागे पडते. बडीशेपेने वास झाकतो, रक्तातलं अल्कोहोल उतरायला तासन्‌तास लागतात. सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

पण मला खरं खुपतंय ते वेगळंच. चाळिशीच्या माणसाला ३० आणि नुकतंच लायसन्स हातात पडलेल्या पोरालाही ३०च. महाराष्ट्रात २१ च्या आत बीअर प्यायलाही परवानगी नाही, कडक दारूला तर २५ लागतात. ज्याने ग्लासच उचलायचा नाही त्याला गाडीवर बसल्यावर ३० ची सूट कशासाठी? अमेरिकेत मोठ्यांची मर्यादा बहुतेक राज्यांत ८० आहे, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी सैल. तरी २१ च्या आतल्यांना तिथे २० च्या वर कुठेच सूट नाही, काही राज्यांत तर शून्य. असा नियम न करणाऱ्या राज्यांचा हायवेचा निधी कापायचं १९९५ च्या कायद्याने ठरवलं आणि १९९८ पर्यंत सगळी राज्यं वळणावर आली. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या फुंकर-चाचणीत नुसते १० भरले तरी वर्षभर लायसन्स जातं. हात नवा, रात्रीची वेळ, मागे मित्र बसलेला. अशा पोराला थोडी दारूही जास्त नडते, हे त्यांनी ओळखलं.

आपल्याकडे असा कायदा येईल तेव्हा येईल. मला आमच्या घरात आत्ता शून्याचा नियम लावायचाय. त्यासाठी जाणकारांना विचारतो:

भाच्याने पिऊन कुणाला धडक दिली तर विमा कंपनी नुकसानभरपाई देऊन ती माझ्याकडून वसूल करते म्हणतात. कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? मालक म्हणून मी आधीच काय करून ठेवावं?

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे आणि दादाचं बघून तोही किल्ली मागायला लागलाय. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडला तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि पोराला २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही, हे मी त्याला वाचून दाखवलं. मुलगा मागतो त्या गाडीची किल्ली सध्या माझ्या कपाटात आहे.

भाच्याची किल्ली काढून घेतली तर तो मित्राच्या गाडीवर मागे बसून जाणार, आणि तो मित्रही प्यायलेलाच असणार. रात्री कितीही वाजता फोन कर, न रागावता न्यायला येतो, असं त्याला सांगावं का? कुणी असं केलंय का, आणि पोरं खरंच फोन करतात का?

दाजी तापट आहेत. कळलं तर शिक्षण थांबवून बार्शीला घेऊन जातील. आधी फक्त ताईच्या कानावर घालावं की दोघांना एकदमच सांगावं?