मदत हवी आहे: फिजिओथेरपीसाठी अकरावीला विषय कोणते घ्यायचे? (नागपूर)

मनीषनगर_पालक
मुलगी दहावीत, स्टेट बोर्ड, सेमी. फिजिओथेरपीचं तिचं पक्कं आहे, पण गणिताची धास्ती. अकरावीचा फॉर्म भरायच्या आधी तीन प्रश्न. गणित सोडलं तर चालते का? बायफोकलला (व्यावसायिक विषय) कॉम्प्युटर सायन्स घ्या, कामी येते, असं सगळे सांगून राहिले, ते खरं का? आणि प्रवेश सीईटीवर की नीटवर?

कटिबंध
शेवटचा प्रश्न आधी. बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, प्रवेशफेऱ्या राज्याचं सीईटी सेल घेतं, पण गुण नीटचे धरतात. नावामुळे इथेच घोळ होतो. एमएचटी-सीईटीचा पीसीबी ग्रुप फार्मसी-कृषीसाठी आहे, फिजिओला त्याचा उपयोग शून्य.

बारावीला भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी लागतातच. पीसीबीच्या ३०० पैकी खुल्या गटाला १५० हवेत, आरक्षणातल्या मुलांना १२०. बोर्ड मात्र ३५ ला पास करतं. म्हणजे मार्कशीटवर उत्तीर्ण आणि प्रवेशाला अपात्र, असं होऊ शकतं. त्या ३०० मध्ये प्रात्यक्षिकांचे ९० आहेत, तेव्हा जर्नलची सही शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

बायफोकल नको. तो २०० गुणांचा विषय, दुसरी भाषा आणि आणखी एक विषय खातो. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना बहुतेक कॉलेजं गणिताच्या गटात बसवतात आणि जीवशास्त्र जातं. मग फिजिओचं दारच बंद. कॉम्प्युटरची हौस असेल तर माहिती तंत्रज्ञान घ्या: १०० गुण, फक्त दुसऱ्या भाषेच्या जागी.

तरफ
गणित सोडता येते जी, बीपीटीएचला ते सक्तीचं नाही. त्याच्या जागी भूगोल, मानसशास्त्र असं काय मिळेल ते कॉलेजवर आहे, फॉर्म भरायच्या आधी तिथं जाऊन विचारा. दोनपैकी निवडायला मिळालं तर मानसशास्त्र घ्या. लकव्याच्या पेशंटकडून रोज तोच व्यायाम करून घ्यायचा असते, तिथं ते कामी येते.

पण गणित सोडलं म्हणजे सुटलं नाही. अकरावीच्या फिजिक्समध्ये सुरुवातीलाच सदिश आणि कॅल्क्युलसचं प्रकरण आहे. ते कच्चं राहिलं की बारावीचं घूर्णन गतिकी डोक्यावरून जाते. त्रिकोणमिती, लॉग, सदिश, सोपं डिफरन्सिएशन एवढं मे महिन्यातच बसून करून घ्या.

अन् फिजिक्सला "फक्त नीटपुरतं" म्हणू नका. कोपर काटकोनात वाकवून हातात २ किलोचं डंबेल धरा. डंबेल कोपरापासून ३५ सेंमीवर, बायसेप्सचा स्नायूबंध हाडाला चिकटतो तो जेमतेम ५ सेंमीवर. २ × ३५ ÷ ५ = १४. म्हणजे स्नायूला १४ किलोइतका जोर लावावा लागते, हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. म्हणून अर्धा किलोनं सुरुवात करतात. हा हिशोब ज्याला दिसत नाही तो पेशंटला वजन अंदाजानं देते.

कटिबंध
त्यात भर. नीटच्या ७२० पैकी ३६० जीवशास्त्राचे आहेत. अकरावीचं "सांगाडा व हालचाल" आणि बारावीचं "नियंत्रण व समन्वय" पाठ करू नका, हाडं-नसा स्वतः काढून नावं द्या. बीपीटीएचच्या पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन एकदम अंगावर येतात, आणि सगळं इंग्रजीत. नीट मराठीत देता येते, पण सेमीची मुलगी आहे तर शब्द इंग्रजीच बसू द्या.

मनीषनगर_पालक
खूप मदत झाली. एकच राह्यलं. तिचे मामा राजस्थानात कोट्याला ठेवा म्हणून मागे लागले आहेत, तिकडच्याच शाळेत नाव घालून.

कटिबंध
क्लास कुठलाही लावा, बारावी महाराष्ट्राबाहेरून करू नका. राज्य कोट्याला अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. बाहेरून बारावी केली की मेडिकलमधल्या (नागपूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) सरकारी जागेवरचा हक्क जातो, आणि नागपुरात सरकारी फीमध्ये बीपीटीएच तिथेच. हिंगणा रोडचं कॉलेज खासगी. सावंगीचं (वर्धा) अभिमत विद्यापीठात येतं, त्याची प्रवेशप्रक्रिया वेगळी.

इथल्या इंटिग्रेटेडवाल्यांनाही (कॉलेज आणि क्लास एकत्र) एकच विचारा: प्रात्यक्षिकं प्रयोगशाळेत होतात, की वर्षाअखेरीस जर्नल उतरवून देतात?

तरफ
आरक्षणातून भरणार असाल तर जात वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाका. निकालानंतर समितीकडं सगळं गाव रांगेत असते. नॉन-क्रिमीलेअरवरची तारीख पाहा, ते ३१ मार्चला संपते. बारावीच्या परीक्षेआधी काढलेलं प्रवेशाच्या वेळी मेलेलं असू शकते.