कडवट, कशात पडायचंच नाही अशी नायिका आवडते का कुणाला?

नवीपेठकर:
काय वाचलालाव सगळे? मी एन. के. जेमिसिनचं 'द फिफ्थ सीझन' घेतलंय, निम्मं झालं. एसून ही चाळिशी ओलांडलेली बाई, गावात पोरांना शिकवते, आपण ओरोजीन, म्हणजे भूकंप आवरायची ताकद असलेल्या माणसांतल्या, आहोत हे लपवून राहते, आणि एक दिवस घरी येते तर नवऱ्यानं बारक्या पोराला मारून टाकलेलं आणि पोरीला घेऊन गेलेला. जग बुडायला आलंय पण तिला त्याचं काही नाही, पोरगी पाहिजे बस्स. कुणाशी धड बोलत नाही. मला लई आवडली! बहीण म्हणते असलं कडू कशाला वाचायचं. पुढं निवळते का ती? स्पॉयलर नको.

पुस्तकवेडा:
निवळावी कशाला ताई? भूकंप थोपवायचे ओरोजीन लोकांनी, आणि घाबरून त्यांनाच ठेचून मारायचं, ते पण लेकरं असताना. असल्या जगासाठी तिनं धावत का जावं? उलट हसत जग वाचवायला निघाली असती तर मी पुस्तक तिथंच मिटवलं असतं.

सातरस्ता:
मला जड गेलं. तिचा भाग सगळा 'तू चाललीस, तू बसलीस' असा, सारखं कुणीतरी अंगावर आल्यासारखं वाटतं. पन्नास पानांत सोडलं.

उमरग्याची_लेक:
सोडू नका ओ दादा. आमचं आजोळ उमरग्याकडं. १९९३ ला अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, घरातली माणसं गेली. आजी त्यानंतर कुणाशी गोड बोललीच नाही, पण गल्लीतल्या कुठल्याही पोराला उपाशी जाऊ द्यायची नाही, शिव्या देत देत वाढायची. एसूनच्या मागं तो होआ नावाचा पोरगा लागतो, ती लाड करत नाही पण हाकलत पण नाही, तिथं मला आजीच दिसली. अशा बाईला लोक खडूस म्हणून मोकळे होतात, या लेखिकेनं तिला अख्खी कादंबरी दिली.

नवीपेठकर:
अक्का, हे बहिणीला वाचून दाखवणार. आता पूर्ण करतेच.

पुस्तकवेडा:
पुढचे दोन भाग पण घ्या, 'द ओबेलिस्क गेट' आणि 'द स्टोन स्काय'. २०१६, १७, १८ असे लागोपाठ तिन्हींना ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीतल्या कादंबरीचा मोठा पुरस्कार, मिळाले, तसं आधी कुणाला जमलं नव्हतं. आणि सातरस्ता दादा, परत धरलं तर शेवटी शब्दांचे अर्थ दिलेत ते आधी बघा, सुरुवात सोपी जाईल.