घरच्या सिगार-पेटीत ओलावा टिकत नाही, नागपूरच्या उन्हाळ्यासाठी उपाय सुचवा

धरमपेठकर:
नमस्कार मंडळी. सिगार ठेवायला सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली आहे. झाकणाला आतून छोटा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र) लावलाय आणि एका डबीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला स्पंज ठेवतो. थंडीत आकडा ६५ ते ६८ टक्के राहायचा. एप्रिल लागला आणि सगळं बिनसलं. दुपारी ५२, रात्री कूलर सुरू झाला की ७४, सकाळी परत खाली. एका सिगारचं वरचं पान तडकलं आहे. मे तर अजून यायचाच आहे. महागडा ह्युमिडॉर (ओलावा टिकवणारी तयार सिगार-पेटी) न घेता याच पेटीचं काही होईल का? एसी एकाच बेडरूमला आहे, तोही फक्त रात्री चालतो.

इतवारीवाला:
भाऊ, पहिले तो हायग्रोमीटर तपासा. २०२४ च्या मे महिन्यात आपल्या रामदासपेठेतल्या हवामान खात्याच्या यंत्राने ५६ अंश तापमान दाखवले, देशभर बातम्या झाल्या, अन् मग कळलं की सेन्सरच बिघडला होता. तिथे असं होते, तर आपल्या छोट्याशा यंत्राचं काय सांगावं! बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घ्या, ओल्या रेतीसारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका. मीठ विरघळू द्यायचं नाही. बूच अन् हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून दिवसभर एसीच्या किंवा सावलीच्या खोलीत ठेवा. आकडा ७५ यायला पाहिजे. ७१ आला तर यंत्र ४ कमी दाखवून राहिलं, तेवढे मनात धरून चला.

त्रिमूर्तीनगर:
मिठाची चाचणी कराच, पण मला खरी शंका पेटीवर आहे. कूलर लागला की आतला आकडा चढतो, म्हणजे खोलीतली हवा सरळ आत जाते आहे. रात्री खोलीत अंधार करून पेटीत मोबाइलचा टॉर्च लावून ठेवा आणि झाकण बंद करा. फटीतून उजेड दिसला की कळलंच. आपल्याकडे मेच्या दुपारी बाहेरची आर्द्रता विशीच्या आसपास घसरते. अशा हवेत गळकी पेटी किती भिजवणार?

स्पंज काढून टाका. स्पंज पाणी फक्त सोडतो, जास्तीचं परत ओढून घेत नाही, आणि पुढेमागे त्यावर बुरशी धरते. बोव्हेडासारखी पाकिटं घ्या. त्यांच्या आत मिठाचं संपृक्त द्रावण असतं. हवा कोरडी पडली तर ते वाफ सोडतं, ओली झाली तर शोषतं. पाकिटावर लिहिलेला आकडा धरून ठेवणं हेच त्याचं काम. साधारण २५ सिगारना ६० ग्रॅमचं एक पाकीट. हवाबंद डब्यात ६५ चं घ्या, लाकडी पेटीत थोडी गळती गृहीत धरून ६९ चं. पाकीट कडक, खडबडीत झालं की बदला.

उन्हाळ्यापुरते तरी सिगार रबरी कडेच्या, चार बाजूंनी क्लिप लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात हलवा. डबा धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उघडा ठेवा. मग तो डबा जाड थर्माकोलच्या खोक्यात, आणि खोका आतल्या भिंतीच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात. माळ्यावर नको, पश्चिमेच्या भिंतीला तर नकोच. दिवसरात्रीचा चढउतार तिथे बराच संथ होतो.

धरमपेठकर:
टॉर्च लावून पाहिला. मागच्या बिजागऱ्यांच्या बाजूने लांबलचक रेघ दिसली! मग आता पेटी वायाच गेली का? आणि इतक्या उष्णतेत किडा लागतो म्हणतात, ते खरं का?

महालकरीण:
किड्याचं अगदी खरं आहे. हळद, धणे, मिरचीत होतो तोच बारीक तपकिरी भुंगेरा तंबाखूतही होतो. तापमान २५ च्या वर राहू लागलं की पानातली अंडी फुटायला लागतात. सिगारवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली भुकटी दिसली की समजून जा. म्हणून वर्षभराच्या भिवापुरी मिरचीच्या डब्याशेजारी सिगार ठेवू नका. माझ्या यजमानांसाठी मी दरवर्षी मार्चअखेरीस हे करते: सिगार दुहेरी झिप पिशवीत, एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर पानावर पाणी सुटतं. एकदम गार-गरम केलं तर पान फाटतं.

त्रिमूर्तीनगर:
ताईंनी सांगितलं ते तंतोतंत करा. पेटी वाया नाही गेली. झाकणाच्या कडेला आतून पातळ पट्टी बसवून घ्या, फट जाईल. पण सागाला तेल असतं, त्याचा वास हळूहळू सिगारला लागतो. ह्युमिडॉरला वापरतात ते स्पॅनिश सीडर आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. महोगनीही त्याच कुळातलं आणि वासाला सौम्य, तेव्हा आतून महोगनीच्या फळ्या लावता येतील. देवदार लावू नका, त्याच्या राळेचा वास जबर असतो.

एक सांभाळा. सुकलेले सिगार एकदम ६९ वर नेऊ नका. आतला तंबाखू फुगतो आणि पान उलतं. आधी दोनतीन आठवडे ६२ चं पाकीट, मग ६५ चं. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ८०च्या वर ओल असते, तेव्हा डबा कामापुरताच उघडा. तडकलेला सिगार काही जुळायचा नाही, तो आधी ओढून संपवा.