घरगुती १२ व्होल्ट चार्जर: संध्याकाळी चार्ज होत नाही, रात्री बॅटरी उकळते

केळी_रावेर:
राम राम मंडळी. ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठी (१२ व्होल्ट, ७५ एएच म्हणजे अँप-तास) चार्जर बनवला आहे. १२-०-१२ चा ५ अँपचा ट्रान्सफॉर्मर, दोन्ही टोकांना एकेक ६ए४ डायोड, मधली तार मायनस. कपॅसिटर नाही. लाइनीत एक अँप मीटर, बस.

शेतातल्या खोलीत संध्याकाळी लाइन १८० व्होल्टवर येते, तेव्हा काटा हलतच नाही. रात्री अकरानंतर २५० होते. मग सकाळी बॅटरीवर १५.८ व्होल्ट, अडीच अँप चालूच, सेलमध्ये बुडबुडे आणि डबा हाताला गरम.

१४.४ ला रिले लावून ऑटो कट केला तर भागेल का? आणि याच चार्जरवर फवारणी पंपाची ८ एएच सीलबंद बॅटरी लावता येईल का? ट्रान्सफॉर्मर तांब्याचा आहे, फेकायचा नाही.

तापीकाठ:
रिले पुरे. एलएम ३९३ (दोन व्होल्टेजची तुलना करणारा कंपॅरेटर आयसी), एक ५.१ चा झेनर (ठरावीक व्होल्टेज धरणारा डायोड), बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टचा रिले. प्रिसेटने (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) १४.४ सेट करा, काम संपलं.

चाळीसगाव_सोल्डर:
संपत नाही भो, तिथूनच सुरू होतं. १४.४ ला कट झालं की करंट थांबतो आणि बॅटरी मिनिटा-दोन मिनिटांत १३.५ च्या खाली येते. कंपॅरेटरला हिस्टेरेसिस (बंद आणि पुन्हा चालू होण्याच्या पातळीतलं अंतर) नसेल तर रिले रात्रभर टकटक करतो आणि त्याचे पॉइंट चिकटतात. चिकटले की कट गेला. रिले लावायचाच तर पुन्हा चालू होण्याची पातळी १२.८ च्या आसपास हवी.

पण मूळ दुखणं वेगळं आहे. हिशोब बघा. १२ व्होल्ट मिळतात ते २३० वर. लाइन १८० असेल तर ९.४ मिळतात, त्याचा पीक (एसी लाटेचं टोक, १.४१ पट) १३.३, डायोडचे ०.७ वजा केले की १२.६. बॅटरीच तेवढ्यावर उभी आहे, करंट जाणार कुठून? २५० वर तेच १३, पीक १८.४, डायोडनंतर १७.७. म्हणजे वरून कुठलाच लगाम नाही. रिलेने रात्रीचं उकळणं थांबेल, संध्याकाळची अडचण तशीच राहील.

मधली तार सोडून द्या. दोन्ही टोकांवर २४ व्होल्ट घ्या, केबीपीसी ३५१० ब्रिज (चार डायोड एकत्र), कपॅसिटर, आणि पुढे एक्सएल ४०१६ चा बक मॉड्यूल (डीसी व्होल्टेज उतरवणारा), दोन प्रिसेटवाला: एक व्होल्टेजचा, एक करंटचा. लाइन १८० असली तरी त्याच्या तोंडाशी २० च्या वर मिळतात, त्यामुळे संध्याकाळीही पूर्ण चार्ज.

धुळे_वाइंडर:
विचार बरोबर, पण २४ थेट देऊ नका. लोड नसताना असा ट्रान्सफॉर्मर दहाएक टक्के वर असतो. त्यात लाइन २५०. म्हणजे २८.७ एसी, पीक साडेचाळीस, ब्रिजनंतर ३९. मॉड्यूलची हद्द ४० ची. आणि दुकानदार हमखास हातात देतो तो ३५ व्होल्टचा कपॅसिटर टोपी उडवून मोकळा होईल.

सेकंडरीचे (आउटपुटच्या वाइंडिंगचे) ४ व्होल्ट कमी करा. आधी बॉबिनवरून बारीक इन्सुलेटेड तारेचे दहा वेढे तात्पुरते घाला, लाइन द्या आणि त्या तारेवरचे एसी व्होल्ट मोजा. अडीच आले तर व्होल्टला चार वेढे, म्हणजे सोळा वेढे उतरवायचे. मेन काढूनच तारेला हात लावा. सगळे बाहेरच्या टोकाकडून उतरवले तरी चालतात, कारण मधली तार आता वापरात नाही, दोन्ही बाजू सारख्या असण्याची गरज उरली नाही. वॉर्निश नसेल आणि खिडकीत (पत्रे आणि वाइंडिंगमधल्या फटीत) जागा असेल तर पत्रे न काढताही तार ओढून निघते. नसेल तर पत्रे काढा, पण परत बसवताना एकही उरू देऊ नका, नाहीतर गुणगुणतो आणि तापतो.

२० व्होल्टवर हिशोब असा: २५० ला, बिनलोड, साधारण ३२ डीसी. १८० ला साधारण २०. दोन्ही सुखाचे. कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचे दोन, ५० व्होल्टचे, पॅरलल. ब्रिज आणि कपॅसिटर असला की ५ अँपच्या वाइंडिंगमधून डीसी तीनच अँप धरा. बक व्होल्टेज उतरवून करंट वाढवतो, त्यामुळे बॅटरीला ४ अँप आरामात जातात. प्रायमरीला (मेनच्या बाजूला) १ अँपचा स्लो फ्यूज.

केळी_रावेर:
वेढे मोजून काढतो. घरात एलएम ३३८ (व्होल्टेज रेग्युलेटर आयसी) पडून आहे, टीओ-२२० पॅकेजवाला. मॉड्यूलऐवजी तो चालणार नाही का?

चाळीसगाव_सोल्डर:
नाही. लोडवर २४ डीसी धरा, बॅटरी १२.५, करंट ४ अँप. साडेअकरा गुणिले चार, ४६ वॅट नुसती उष्णता. त्या पॅकेजमध्ये चिपपासून धातूपर्यंत वॅटमागे ४ अंश चढतात, म्हणजे १८४ अंश, हीटसिंक कितीही मोठा असला तरी. आयसी जळत नाही, स्वतःला आवरतो आणि करंट पाडतो. मग तुम्ही बॅटरीला दोष देत बसाल. मे महिन्यात खोलीतच ४५ असताना तर नावच नको.

मॉड्यूल लावताना सगळ्यात जास्त खड्डा इथे आहे: लाइट गेली की बॅटरी उलटी मॉड्यूलमध्ये करंट सोडते. लोडशेडिंगच्या गावात हे रोजचं. म्हणून आउटपुटच्या प्लसला एक शॉट्की डायोड (कमी व्होल्ट खाणारा), एमबीआर २०४५, छोट्या हीटसिंकवर. त्यानंतर ७.५ अँपचा ब्लेड फ्यूज, मग क्लिप. डायोड आणि फ्यूज यांच्या मधून मायनसला एक ६ए१० डायोड, पट्टीची बाजू प्लसकडे. घाईत क्लिप उलट्या लागल्या तर फ्यूज उडतो, मॉड्यूल वाचतो.

सेटिंग: व्होल्टेज आधी, पण शॉट्की ०.४ च्या आसपास खातो, म्हणून चार्जिंगच्या शेवटी बॅटरीच्या पोलवर मोजूनच पक्कं करा. करंटचा प्रिसेट आधी शून्याकडे, मग अर्धी उतरलेली बॅटरी आणि अँप मीटर लावून हळूहळू ४ वर. क्लिपपर्यंतची तार अडीच एमएम, मीटरभरच.

तापीकाठ:
मग १४.४ कायमचं ठेवायचं?

चाळीसगाव_सोल्डर:
आपल्याकडे नाही. १४.४ हा आकडा २५ अंशांचा. १२ व्होल्टच्या बॅटरीला अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात. ४५ अंशांना वीस अंश जास्त, म्हणजे १३.९. थंडीत पहाटे १० वर आलं तर १४.७ पर्यंत चालतं. वर्षातून दोनदा प्रिसेट फिरवा, बास. तापमान खोलीचं नव्हे, बॅटरीच्या डब्याचं धरा.

करंट पाऊण-एक अँपवर येऊन दोन-तीन तास तिथेच राहिला की बॅटरी भरली. काढून घ्या. दिवसेंदिवस लावून ठेवायची असेल तर १३.६, उन्हाळ्यात त्याहून थोडं खाली.

धुळे_वाइंडर:
फवारणीची बॅटरी या चार्जरवर नको. ७-८ एएचच्या सीलबंद बॅटरीवर छापलेलं असतं: सुरुवातीचा करंट एएचच्या तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे ८ ला २.४. तुम्ही ४ वर सेट केलंय. रोज वापरायची असेल तर १ अँप ठेवा. तिच्यात पाणी घालता येत नाही, एकदा उकळली की आतलं कोरडं ते कोरडंच. त्याच कपॅसिटरवरून एलएम २५९६ चा दोन प्रिसेटवाला स्वस्त मॉड्यूल घ्या, १ अँप, १४.४, उन्हाळ्यात १३.९. त्यालाही वेगळा शॉट्की आणि २ अँपचा फ्यूज. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी लावल्या तर ट्रॅक्टरचा करंट ३ वर आणा.

आता उकळलेल्या बॅटरीचं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर झाकल्या जाण्याइतकंच बॅटरीचं पाणी आता घाला, पूर्ण पातळी चार्ज झाल्यावर. बोअरचं तर नाहीच, आरओचंही नको. मग नवीन चार्जरवर पूर्ण चार्ज करून तासभर थांबा आणि हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणारी नळी) सहाही सेल बघा. पाच सेल १.२५० आणि एक १.१५० वर अडकला असेल तर चार्जरला दोष देऊ नका, तो सेल गेला.

केळी_रावेर:
वेढे झाले. व्होल्टला साडेतीन आले, चौदा काढले. बिनलोड २१.८ एसी, लाइन २३०. चालेल ना?

धुळे_वाइंडर:
चालेल. क्लिप आधी, मेन नंतर. काढताना उलट. नाहीतर ठिणगी नेमकी हायड्रोजनवर पडते. आणि टोपणं सैल ठेवून खोलीची खिडकी उघडी असू द्या.