राजकारणातला पैसा : इंदुरात ४०० जणांना विचारायचंय, प्रश्न तपासून द्याल का?

रामबागकर

नमस्कार मंडळी. यंदा गणेशोत्सवात व्याख्यानाऐवजी चर्चा ठेवतोय. विषय आहे निवडणुकीतला पैसा आणि पैसेवाल्यांची वट. नुसत्या गप्पा नकोत म्हणून आधी शहरात ४०० लोकांचं सर्वेक्षण करून आकडे समोर ठेवायचे ठरलंय. हाताशी कॉलेजची १२ मुलं आहेत आणि एक महिना आहे. मसुदा असा :

१. राजकारणात पैशाचा प्रभाव वाढला आहे, हे तुम्हाला मान्य आहे का?
२. बडे उद्योगपती आणि भूमाफिया सरकारवर दबाव आणतात असं वाटतं का?
३. तुम्ही मतासाठी पैसे, दारू किंवा भेटवस्तू घेतली आहे का?
४. इलेक्टोरल बाँडमुळे भ्रष्टाचार वाढला की कमी झाला?
५. निवडणूक खर्चाला मर्यादा असावी का?

राजवाडा, छप्पन दुकान आणि विजयनगर चौकात उभं राहून प्रत्येकी १०० फॉर्म भरायचे, उरलेले १०० मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, असा बेत आहे. ४०० पुरतील का? आणि प्रश्नांत काय चुकतंय?

आकडेमोड

प्रश्नांचं दुसरे बघतील, मी माणसं निवडण्याबद्दल लिहितो.

छप्पनवर उभे राहिलात तर छप्पनवर खायला येणाऱ्यांचं मत कळेल, इंदूरचं नाही. व्हॉट्सॲपचे १०० तर मोजूच नका. तिथे ज्याला विषयाची चीड आहे तोच फॉर्म भरतो.

मतदार यादी घ्या. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर ती मतदान केंद्रानुसार मिळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणानंतरचीच, म्हणजे यादीच्या नव्या कसून तपासणीनंतरचीच प्रत उतरवा. जुन्या यादीत स्थलांतरित आणि मयत नावं इतकी होती की मुलं निम्मा वेळ कुलपं मोजत बसतील. फाईल बहुधा चित्ररूपात असते, त्यात शोध चालत नाही. त्याने आपलं अडत नाही, आपल्याला फक्त अनुक्रमांक हवेत.

आता निवड. इंदूर १ ते ५ या विधानसभा क्षेत्रांतली सगळी केंद्रं एकाखाली एक लिहा आणि मतदारसंख्येची चढती बेरीज करत जा. एकूण बेरजेला ४० ने भागा. तो आकडा म्हणजे तुमची उडी. १ ते त्या उडीच्या दरम्यान चिठ्ठी टाकून सुरुवात ठरवा आणि तिथून उड्या मारत ४० केंद्रं उचला. अशाने मोठ्या केंद्राला निवडलं जाण्याची संधी आपोआप जास्त मिळते. मग प्रत्येक केंद्रातून १० मुलाखती घेतल्या की हिशेब सरळ राहतो. केंद्राच्या आतही तीच पद्धत, पण नावं १६ काढा. सहा-सात जण भेटणार नाहीत किंवा नको म्हणतील.

लोक इथेच घसरतात. दाराला कुलूप दिसलं की शेजारच्या काकूंना विचारून फॉर्म भरतात. दुपारी घरी कोण असतं? गृहिणी आणि निवृत्त मंडळी. पालद्याच्या कारखान्यात जाणारा माणूस तुमच्या आकड्यात येतच नाही. त्याच नावाकडे तीनदा जा, त्यात एक फेरी संध्याकाळी सातनंतर आणि एक रविवारी सकाळी, पोह्यांच्या वेळेला. यादीत बाईचं नाव असेल तर उत्तर तिचंच हवं, दारात उभ्या नवऱ्याचं नाही. मुलगा-मुलगी अशी जोडी पाठवली की हे बरंचसं जमतं.

४०० पुरेत का, तर चिठ्ठ्या टाकून सुटे ४०० उचलले तर चूक साधारण ±५ टक्के-गुणांची, म्हणजे तुमचे ६० आले तर शहराचं खरं मत बहुधा ५५ ते ६५ मध्ये. पण एका गल्लीतली माणसं एकमेकांसारखी बोलतात. हे साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळे एकसारखे) ०.०५ धरलं तर २० केंद्रं × २० माणसं या रचनेत ४०० ची किंमत जेमतेम २०५ सुट्या माणसांइतकी उरते आणि चूक ±६.८ होते. ४० × १० केलं तर किंमत २७६, चूक ±५.९. म्हणून केंद्रं वाढवा, केंद्रामागची माणसं कमी करा. पायपीट वाढेल, त्याला इलाज नाही. आणि कृपा करून ‘सुदामानगर विरुद्ध विजयनगर’ असे उपआकडे व्यासपीठावरून वाचू नका. ४० माणसांवर काही ठरत नाही.

शब्दशः

रामबागकर, तुमच्या पहिल्या आणि पाचव्या प्रश्नाला ८५-९० टक्के ‘हो’ मिळेल. फॉर्म न छापताही ते लिहून ठेवता येईल. राजकारणात पैसा वाईट हे कोण नाकारणार? खरी मेख वेगळी आहे. २०२४ च्या लोकसभेआधी लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेने १९ राज्यांत सुमारे १० हजार मतदारांना विचारलं तेव्हा ५५ टक्के म्हणाले, पाच वर्षांत भ्रष्टाचार वाढला. पण मत देताना सगळ्यात मोठा मुद्दा कोणता, यावर भ्रष्टाचार म्हणणारे फक्त ८ टक्के. बेरोजगारी २७, महागाई २३. म्हणजे संताप आहे, पण त्यासाठी दुसरं काही सोडायची तयारी किती, ते कळत नाही. तुमच्या प्रश्नांनी ते मोजलं पाहिजे.

एकेक घेतो.

पहिला. ‘मान्य आहे का’ हा शब्दप्रयोगच काढा. अनोळखी पोरं दारात आली की आपल्याकडे माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी दोन विधानं वाचा आणि कोणतं जवळचं वाटतं ते विचारा. अमेरिकेत १९६४ पासून एक प्रश्न राष्ट्रीय निवडणूक अभ्यासात याच धाटणीने विचारतात : सरकार सगळ्यांच्या भल्यासाठी चालतं, की स्वतःचं बघणाऱ्या मोजक्या बड्या हितसंबंधीयांकडून चालवलं जातं? १९६४ मध्ये ६४ टक्के म्हणाले सगळ्यांसाठी, २९ टक्के म्हणाले मोजक्यांसाठी. पुढे हा काटा उलटा फिरला. तो फिरलेला दिसला, कारण प्रश्नाचे शब्द जपले होते. तुम्हालाही दरवर्षी विचारायचं असेल तर पहिल्याच वर्षी शब्द घासूनपुसून पक्के करा. निम्म्या फॉर्मवर विधानांचा क्रम उलटा छापा. शेवटचं ऐकलेलं निवडायची खोड लोकांना असतेच.

दुसरा. इथे एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत, आणि ‘माफिया’ म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? शिवाय हितसंबंधी म्हणजे फक्त शेठजी नव्हेत. कॉलोनायझर (जमिनीचे प्लॉट पाडून विकणारे), रस्त्याचे ठेकेदार, दारूचे ठेकेदार, मंडीतले अडते, कोचिंगवाले, कर्मचारी संघटना, जातीचे समाज, धार्मिक संस्था आणि वार्डातले साधे रहिवासी, सगळे एका यादीत घाला. प्रत्येकापुढे एकच प्रश्न : पार्षद-विधायकांवर (नगरसेवक-आमदारांवर) यांचा प्रभाव गरजेपेक्षा जास्त, बरोबर, की कमी? प्यू या सर्वेक्षण संस्थेने २०२३ मध्ये अमेरिकेत असंच विचारलं. मोठ्या देणगीदारांचा प्रभाव जास्त म्हणणारे ८० टक्के, लॉबिस्ट (पैसे घेऊन सरकारदरबारी कामाची रदबदली करणारे) आणि हितसंबंधी गटांचा जास्त म्हणणारे ७३, आणि मतदारसंघातल्या लोकांचा फारच कमी म्हणणारे ७०. तो शेवटचा आकडा आहे म्हणून आधीच्या दोनांना अर्थ आहे. आपल्याकडे या यादीतून आणखी एक गंमत दिसेल : दुसऱ्याच्या समाजाचं वजन ‘जास्त’, स्वतःच्या समाजाचं ‘कमी’. आपला तो बाब्या.

चौथा. बाँड म्हणजे काय (देणाऱ्याचं नाव जाहीर न होता पक्षाला देणगी द्यायचे बँकेचे रोखे) हे ठाऊक नसलेलाही ‘वाढला’ म्हणून मोकळा होईल. आधी गाळणी लावा : नाव ऐकलंय का? ऐकलं असेल तर, पैसे कोणी दिले हे मतदाराला कळायचं का? दोन्ही जमलं तरच पुढचं मत विचारा. बाकीच्यांना ‘माहीत नाही’मध्ये टाका, आणि तो आकडाही व्यासपीठावर सांगा.

पाचव्याच्या जागी प्रसंग द्या. निम्म्या फॉर्मवर : ‘एका पार्षदाने वार्डात नाला आणि रस्ता करून घेतला, पण त्याच्या प्रचाराचा खर्च त्याच ठेकेदाराने केला होता. पुन्हा मत द्याल का?’ उरलेल्या निम्म्यांवर ठेकेदाराचं वाक्य गाळा, बाकी अक्षरन् अक्षर तेच. दोन्हींतला फरक म्हणजे लोक पैशाच्या मुद्द्यासाठी खरोखर किती मतं काढून घेतात त्याचा अंदाज. प्रत्येक बाजूला २०० माणसं असल्याने १० गुणांच्या आतल्या फरकावर बोलू नका.

भाषा : फॉर्म हिंदीत काढा. हे मराठी मंडळाचं काम असलं तरी यादी शहराची आहे. आणि ‘दबाव समूह’ असं पुस्तकी हिंदी नको. ‘चुनाव में बड़ा चंदा देने वाले’ म्हटलं की मल्हारगंजापासून बाणगंगेपर्यंत कळतं.

सुदामानगर ई

मस्त चाललंय भिया. २०२४ ला आपल्या इंदुरात नोटाला (‘यांपैकी कोणीही नाही’ या बटणाला) २,१८,६७४ मतं पडली, देशात विक्रम. ‘नोटा दाबलं होतं का’ हेही घाला की, पैशाच्या राजकारणावरचा राग तिथेच दिसतो.

शब्दशः

नका घालू. काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतली आणि पक्षाचं चिन्हच यंत्रावर उरलं नाही, म्हणून ती मतं तिकडे गेली. त्यात पैशावरचा राग किती आणि पक्षनिष्ठा किती, हे एका प्रश्नाने सुटं होत नाही.

रामबागकर

शब्दशः, आकडेमोड, खूप आभार. चौकातला बेत रद्द. पण तिसरा प्रश्न तुम्ही दोघांनी टाळलात. एकाने सुचवलं की सरळ न विचारता यादी-पद्धत वापरा : निम्म्यांना चार साध्या गोष्टी, निम्म्यांना त्याच चार अधिक ‘पैसे घेतले’, आणि फक्त ‘यांतल्या किती केल्या’ ते विचारायचं. करावं का?

आकडेमोड

४०० वर नको. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक हेच उत्तर असतं, आणि २००-२०० च्या गटांत त्याची चूक साधारण ±२० गुणांची येते. १५ टक्के आले तर शून्य ते ३५ काहीही असू शकतं. ही पद्धत हजारोंच्या सर्वेक्षणासाठी.

नाण्याची युक्ती बरी. माणूस स्वतः नाणं उडवतो, आपण बघायचं नाही. छापा आला तर काहीही असो ‘हो’ म्हणायचं, काटा आला तर खरं सांगायचं. ४०० पैकी २४० ‘हो’ आले म्हणजे ६० टक्के. त्यातून ५० वजा करून दुप्पट केले की २० टक्के. चूक इथेही दुप्पट, सुमारे ±१०. आणि छापा पडूनही ‘मी कशाला हो म्हणू’ म्हणणारे भेटतात. मग उत्तर खऱ्यापेक्षा खाली जातं, कधी उणेसुद्धा.

सगळ्यात सोपी मतपेटी. लोकनीतीवाले कोणाला मत दिलं हे याच रीतीने विचारतात. चिठ्ठीवर फक्त ‘हो / नाही’ ठेवा, माणसाने स्वतः खूण करून घडी घालून कुलूपबंद डब्यात टाकायची. चिठ्ठीवर फॉर्मचा क्रमांक अजिबात नको. तो दिसला की भरवसा गेला. स्त्री-पुरुष वेगळे हवे असतील तर दोन रंगांचे कागद वापरा.

‘तुमच्या गल्लीत वाटले का?’ हेही विचारतात, पण एकदाच झालेलं वाटप गल्लीतले दहाही जण सांगतात. त्यावरून ‘इतक्या टक्के लोकांनी घेतले’ असं म्हणता येत नाही.

जेल रोड

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण चर्चेत कोणीतरी चुकीचा आकडा ठोकून देणारच.

तिसऱ्या प्रश्नाचं ‘हो’ म्हणजे गुन्ह्याची कबुली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये देणारा आणि घेणारा दोघेही येतात, कलम १७३ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणून फॉर्मवर नाव, मोबाईल, घर क्रमांक काही नको. यादीतली नावं वेगळ्या कागदावर ठेवा आणि काम संपलं की फाडा.

खर्चाची मर्यादा मध्य प्रदेशात विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख, जानेवारी २०२२ पासून. ज्ञान तपासायला हा प्रश्न चांगला, पण पर्यायांत २८ लाख ठेवलात तर लक्षात घ्या, २०२० पर्यंत विधानसभेचा आकडा तोच होता. ते उत्तर देणारा अडाणी नव्हे, मागे राहिलेला. पार्षद आणि महापौरांचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे, ते इथे मिसळू नका.

ही मर्यादा उमेदवाराची, पक्षाला मर्यादाच नाही. आणि मोजणी नामांकनापासून निकालापर्यंतचीच. वर्षभराचे भंडारे, कथा, चुनरी यात्रा, वाढदिवसाचे फ्लेक्स या खात्यात येत नाहीत. लोक मात्र ‘करोडो उधळतो’ म्हणताना तेच डोळ्यांपुढे धरतात. म्हणून ‘प्रचाराच्या दिवसांत’ आणि ‘वर्षभर’ असे दोन प्रश्न करा.

बाँडचा तपशील : योजना जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित झाली, विक्री फक्त स्टेट बँकेतून, रक्कम १ हजार ते १ कोटी, मुदत १५ दिवस. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १५ फेब्रुवारी २०२४ ला ती घटनाबाह्य ठरवली. त्याच निकालाने कंपन्यांच्या देणगीवरची जुनी मर्यादाही परत आली : आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के. आज ‘बाँड चालू आहेत’ म्हणणारा माणूस तुमच्या गाळणीत अडकला पाहिजे.

आता पक्ष २० हजारांवरच्या देणग्यांची नावं निवडणूक आयोगाला देतात. त्याखालची नावं नाहीत.

चर्चेत मतांशेजारी कागदही ठेवा. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. निवडणूक संचालन नियम ८८ प्रमाणे एक रुपया भरून तो कोणालाही पाहता येतो, शुल्क देऊन साक्षांकित प्रतही मिळते. २०२३ च्या विधानसभेचे पाचही क्षेत्रांतल्या विजेत्यांचे हिशेब मागा. अर्जात क्षेत्र, उमेदवार आणि निवडणुकीचं वर्ष लिहा, ‘सर्व कागदपत्रे’ असं मोघम लिहिलंत तर अर्ज फिरत राहील. चहा, खुर्च्या, मांडव, गाड्यांचे दर प्रशासन आधीच ठरवून देतं, त्या दरपत्रकाचीही प्रत घ्या. त्याशिवाय हिशेबातला मांडव स्वस्त दाखवलाय का, ते कळणार नाही.

रामबागकर

जेल रोड साहेब, प्रश्नांचा क्रम कसा ठेवू? हिशेबाचे आकडे मुलाखतीत आधी सांगितले तर चालेल?

शब्दशः

अजिबात नाही, आकडे ऐकवले की पुढची सगळी उत्तरं त्याच रंगात येतात. क्रम असा : आधी ‘मत देताना सगळ्यात मोठा मुद्दा कोणता’, पर्याय न वाचता. मग पार्षदाचा प्रसंग, मग गटांची यादी, मग दोन विधानं. बाँड आणि ४० लाखांचे ज्ञानाचे प्रश्न त्यानंतर. मतपेटी सगळ्यात शेवटी, कारण तिथे कोणी उठून गेला तरी बाकीचा फॉर्म हातात राहतो. आधी २० फॉर्म निवडलेल्या ४० केंद्रांबाहेरच्या एखाद्या केंद्रावर भरून बघा. १२ मिनिटांच्या वर जात असेल तर यादीतले दोन गट कमी करा, प्रसंगाला हात लावू नका.